कव्हराच्या आतली निळी खूण

विल्फ आर्डलीची नोकरी माझ्यामुळे गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल वाकडं बोललो तर ते कुणाच्या तोंडून ऐकताय ते तुमच्या लक्षात राहील. आणि वाकडं मी बोलणारच. बत्तीस वर्षं हा माणूस माझ्या डोळ्यांत सलत होता, ते काय चार महिन्यांत जाणार आहे?

मी मॉरिस टॅडमन. गाड्यांच्या सीटा भरणं, त्यांवर कातडं चढवणं, दारांना आतून अस्तर लावणं, गालिचे कापणं हे माझं काम. कॉव्हेंट्रीत फेल्टनचा कारखाना होता तोवर मी तिथे होतो, आणि विल्फही तिथेच. मी सीटखात्यात, तो इंजिन-तपासणीत. पुढे कारखाना बंद पडला, त्या जागी आता सोफ्यांचं दुकान आहे. पण फेल्टनच्या त्या बुटक्या, दोन माणसांच्या, उघड्या टपाच्या गाड्या काही मरत नाहीत. तीस-तीस वर्षांनी कुणाच्या तरी गोठ्यातून अंगावर कोंबड्यांची घाण घेऊन निघतात आणि फोल्सहिलला कॉप्सीच्या शेडमध्ये येतात. तिथे त्यांना पुन्हा माणसात आणायचं काम आम्ही दोघं करायचो. आतलं सगळं माझं, बॉनेटखालचं सगळं विल्फचं. शेडची मालकीण हेझल. तिच्या बापाच्या वेळेपासून आम्ही तिथे, म्हणून ती मला मॉरिसकाका म्हणायची आणि त्याला विल्फकाका. पण विल्फकाका म्हणताना तिचा आवाज जरा जास्तच गोड व्हायचा. माझं लक्ष असायचं ना!

आता मला सांगा, गाडीत माणूस बसतो कशावर? माझ्या कामावर. हात टेकतो कशावर? माझ्या कामावर. जुनी सीट उघडली की आत काय निघतं ते एकदा येऊन बघा. गंजलेल्या स्प्रिंगा, कुजलेला काथ्या, उंदरांची घरटी, एखादा दात, हरवलेली कर्णफुलं. ते सगळं उपसून, नवी कॅनव्हास ताणून, कातड्याच्या घड्या एका रेषेत बसवून सीट उभी करायला मला तीन आठवडे लागतात. आणि गाडी तयार झाली की होतं काय? मालक येतो, बायकोला आणतो, सासऱ्याला आणतो. विल्फ चावी फिरवतो. इंजिन घुरघुरतं. सगळे डोळे मिटून उभे राहतात. "वा! काय आवाज आहे!" मग मालक मागच्या खिशातल्या किल्ल्यांच्या जुडग्यासकट माझ्या नव्या कातड्यावर धपकन बसतो आणि बसल्या बसल्या विचारतो, "विल्फ, हे कसं जमवलंत हो?" मी शेजारीच उभा असतो, हातात तेलाचं फडकं घेऊन.

विल्फ उंच, काटकुळा, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावणारा. इंजिनवाल्याचे हात कसे असावेत? काळे. याचे नाहीत. दर तासाला ब्रशनं नखं घासायचा. दुपारी पाव, चीज आणि व्हिनेगरमधला एक आख्खा कांदा, तो चाकूनं चकत्या करून खायचा. त्याच्या भाजीच्या वाफ्यातल्या लीकना, त्या जाड पांढऱ्या कांद्याच्या पातीला, दर वर्षी प्रदर्शनात बक्षीस. मी एकदा लीक लावले होते, त्यांना बुरशी आली. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे त्यानं लग्न केलं नाही. का केलं नाही? कुणासाठी थांबला होता? लोकांना हा प्रश्न पडत नसे, मला रोज पडायचा. नाताळाला तो आमच्याकडे जेवायला यायचा. माझी बायको नोरीन सगळ्यांत खरपूस बटाटा त्याच्या ताटात वाढायची. बत्तीस वर्षांत एकदाही तो बटाटा माझ्या ताटात पडला नाही. मी काय कोळसा खाणारा आहे?

हसू नका. याच्या मुळाशी एक शनिवार आहे.

नोरीन तेव्हा फेल्टनच्या शिवणखात्यात मशिनवर होती, एकोणीस वर्षांची. त्यांचं खातं आणि आमचं खातं यांच्यामध्ये एक भिंत आणि त्या भिंतीला एक खिडकी. शिवलेली कव्हरं त्या खिडकीतून आमच्याकडे यायची. मुलींनी आमच्याशी बोलायचं नाही असा तिथल्या देखरेखीणबाईचा हुकूम. मग मुलींनी वाट काढली होती. कव्हर शिवून आमच्याकडे यायचं ते आतली बाजू बाहेर, उघडं तोंड आपल्याकडे. ते आपण उलटवून, उशीला अभ्रा घालतात तसं सीटच्या पाठीवर चढवायचं. तर त्या आतल्या बाजूला मुली खडूनं लिहायच्या. 'तुझं नाक लाल झालंय.' 'गेटापाशी थांब.' 'तुझ्या आईला सांगेन.' आम्ही वाचायचो, हसायचो आणि चढवून टाकायचो. इंग्लंडभर लोक त्या चिठ्ठ्यांवर बसून हिंडत होते, त्यांना पत्ता नाही.

एका गुरुवारी मी कँटीनच्या रांगेत धीर करून नोरीनला विचारलं, "शनिवारी नाचाला येशील का माझ्याबरोबर?" ती म्हणाली, "उद्या कळेल." उत्तर कशातून येणार ते सांगायला नको होतं. शुक्रवारी सकाळपासून मी एकेक कव्हर उजेडात धरून बघत होतो. सात बघितली. कोरी. आणि दहाच्या सुमाराला मान वर केली तर काय! शिवणखात्याच्या दारात नोरीन आणि इंजिन-तपासणीचा विल्फ आर्डली. ती त्याच्या कानाशी काहीतरी बोलली, तो खो खो हसला, तिनं त्याच्या दंडावर चापट मारली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या शनिवारी मी नाचाला गेलोच नाही. सोमवारी कळलं की नोरीन गेली होती, आणि विल्फबरोबर नाचली.

पुढे वसंतात मी हट्टानं तिला पुन्हा विचारलं आणि ती हो म्हणाली. लग्न झालं, दोन मुली झाल्या, सगळं झालं. त्या शनिवारचा विषय ना मी काढला, ना तिनं. पण तो माझ्या पोटात होता. संसार तिनं माझ्याशी केला, पण नाचली आधी त्याच्याशी.

आता या वर्षीच्या मार्चमध्ये एक हिरवी फेल्टन आली. एका निवृत्त मास्तरांची. जूनच्या पहिल्या रविवारी त्यांच्या बायकोचा साठावा वाढदिवस होता, त्या दिवशी त्यांना ती गाडीत बसवून फिरवायचं होतं. विल्फनं इंजिन काढलं, मी सीटा काढल्या. उजव्या सीटची पाठ फळकुटावर उभी केली आणि बघतो तर तिच्या तळाच्या फळीवर पेन्सिलीनं एकेचाळीस. कारखान्यातला माझा नंबर! खाली आठवड्याचा आकडा. मीच भरलेली सीट, बत्तीस वर्षांपूर्वी, त्या नाचाच्याच शरद ऋतूत, त्याच आठवड्यात. माझी छाती फुगली. म्हटलं बघा, एक टाका उसवलेला नाही. मग खालचे चाप उचकटले, कव्हराचा घेर धरून वर गुंडाळत नेला, आणि कातड्याच्या आतल्या बाजूला, कडेपाशी, निळ्या मेणपेन्सिलीनं काढलेली ठळक अक्षरं दिसली.

एन. मग फुली. मग डब्ल्यू.

आमच्याकडे चिठ्ठीतल्या फुलीचा अर्थ शाळेतली पोरंही जाणतात. फुली म्हणजे मुका. नोरीनचा विल्फला मुका! आणि निळी मेणपेन्सिल सीटखात्यात नव्हतीच, शिवणखात्यातही नव्हती. आमच्याकडे पांढरा खडू. निळी पेन्सिल फक्त इंजिन-तपासणीत. त्याचीच पेन्सिल, त्याचंच अक्षर फुलीपुढे, आणि सीट कुणाची? माझी! माझ्या हातांनी मी तो मुका पॅक करून दिला. गाडी तयार झाल्यावर इंजिन तपासायला विल्फ याच सीटवर बसला असणार. बसल्या बसल्या हसला असणार. मला दुसरं काही दिसेचना. मी कात्री घेतली, तेवढा तुकडा कापला आणि खिशात घातला.

पलीकडे विल्फ स्टँडवर चालू ठेवलेल्या इंजिनाशी वाकून उभा होता, लांब झाडूची दांडी दातांत धरून.

आता त्याच्या दांडीचं सांगतो, कारण घोटाळा तिथेच झाला. जुन्या इंजिनवाल्यांची रीत अशी की लाकडी दांडीचं एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानाशी लावायचं. आत कुठे काय खडखडतंय ते कळतं. विल्फ गेली दोन वर्षं ती दांडी कानाशी लावत नव्हता. दातांत धरायचा. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याची लहर. मला माहीत होतं. त्याचे कान गेले होते. हेझल त्याला उजवीकडून हाक मारायची तेव्हा तो तिच्या ओठांकडे बघायचा, चहाचं भांडं पडलं तरी वळायचा नाही. पण दांडीतून येणारा आवाज त्याच्या दातांतून थेट डोक्यात जात होता. हेही मला माहीत होतं. मी एकदा गंमत म्हणून वॉशर सैल ठेवला होता, तो त्यानं दांडी चावून अर्ध्या मिनिटात शोधला. म्हणजे कानांनी बहिरा, कामात नाही.

दुसऱ्या दिवशी मी हेझलच्या ऑफिसात गेलो. दार लावून घेतलं.

"हेझल, बोलू नये पण बोलतो. विल्फला ऐकू येत नाही."

"काय सांगता, मॉरिसकाका? इंजिनाचा एवढासा आवाज त्यांना कळतो!"

"तू त्याच्या मागून हाक मारून बघ. रस्त्यावर गाडी तोच नेतो ना तपासायला? मागून लॉरी आली तर? मी आपला काळजीपोटी सांगतोय."

काळजीपोटी! जीभ झडली कशी नाही माझी? एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. फक्त दातांचं मी सांगितलं नाही. अर्धं सांगितलं आणि अर्धं गिळलं.

गुरुवारी हेझल विल्फच्या मागे जाऊन उभी राहिली. मी सीटच्या आडून बघत होतो. ती म्हणाली, "विल्फकाका, चहा." मग जरा मोठ्यानं, "विल्फकाका!" मग जवळजवळ ओरडून, "विल्फकाका, शेडला आग लागलीय!" तो शांतपणे नखं घासत होता. हेझलचे डोळे भरून आले आणि ती ऑफिसात निघून गेली. शुक्रवारी दुपारी तिनं त्याला आत बोलावलं. बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा त्यानं कोट घातला, अवजारांची लाल पेटी उचलली आणि जाता जाता माझ्या बाकापाशी थांबला.

"मॉरिस, माझ्या जागी जो येईल ना, त्याला सांग हं. तिसरा सिलेंडर किंचित उशिरा पेटतोय. सहज ध्यानात येत नाही ते."

मी नुसती मान हलवली. तो गेला. मला बरं वाटलं. खरंच सांगतो, फार बरं वाटलं. घरी जाताना मी बसमध्ये शीळ घालत होतो.

नोरीन स्वयंपाकघरात मशिनवर होती. कॉप्सीची कव्हरं अजूनही तीच शिवते, घरून. मी कोटसुद्धा काढला नाही.

"तुझ्या विल्फची सुट्टी झाली," म्हटलं.

तिनं पाय थांबवला. "कुणाच्या विल्फची?"

"तुझ्या! बहिरा झालाय. मीच हेझलच्या कानावर घातलं."

"तू? अरे, का? ते काम सोडलं तर त्या माणसाला आहे काय दुसरं?"

"लीक आहेत की! आणि तू आहेस." मी खिशातून तो तुकडा काढला आणि तिच्या मशिनवर आपटला. "हे काय आहे? बत्तीस वर्षं मला येडा बनवलंत दोघांनी. एन, फुली, डब्ल्यू. बोल की आता!"

तिनं चष्मा वर सरकवला. तुकड्याकडे बघितलं. मला वाटलं रडेल, किंवा नाकारेल. तिनं एक बोट तुकड्यावर ठेवलं आणि तो मशिनवरच अर्धा फिरवला. कड माझ्याकडे आली.

"आता वाच," ती म्हणाली.

एम. फुली. एन.

डब्ल्यूचा एम झाला होता, एन तिथला एनच, आणि फुलीला काय, ती कुठूनही फुलीच.

"कव्हर तुमच्या खात्यात येतं तेव्हा तोंड कुठे असतं?" नोरीननं विचारलं.

"आपल्याकडे."

"आणि सीटवरून उतरवताना?"

"वर जातं." मी तुकडा पुन्हा फिरवून बघितला. "अक्षर उलटं होतं."

"चाळीस वर्षं हेच करतोस ना रे तू? हेच तुझं काम ना? काल लागलेल्या पोरालासुद्धा कळलं असतं. आणि मला एक सांग, विल्फला चिठ्ठी लिहायची तर मी ती सीटच्या आत कशाला लिहीन? इंजिनवाला सीट उघडतो कधी? सीटच्या आत कोण बघतं?"

"सीटवाला," मी म्हणालो.

"हं."

मी खुर्चीवर बसलो. तिनं मशिनवरचा दिवा मालवला.

"त्या शनिवारी मी नाचाच्या हॉलच्या दाराशी उभी होते. माझ्या बहिणीचे बूट घालून आले होते, ते चावत होते. नऊ वाजेपर्यंत दाराकडे बघत होते मी. पोरी हसायला लागल्या होत्या. तेव्हा विल्फ आला आणि म्हणाला, चल, एक नाच नाचू, म्हणजे तो येईपर्यंत कुणी काही बोलणार नाही. एकच नाचलो आम्ही. मग त्यानं मला घरी सोडलं, आईच्या हाती. मला वाटलं तू वाचलंस आणि मन बदललंस. वसंतात पुन्हा आलास, तेव्हा म्हटलं उकरून काय काढायचं? आपणहून आलाय ना, बास."

"मला वाचायलाच मिळालं नाही गं."

"का नाही मिळालं? मी तर तुझ्याच ढिगात टाकलं होतं. सव्वादहाला."

सव्वादहाला. सात कव्हरं मी उजेडात धरून बघितली होती. आठवं हातात आलं तेव्हा विल्फ निघून गेला होता, तरी माझे डोळे अजून त्या दाराकडेच होते. हातांनी आपलं आपण कव्हर उलटवलं, चढवलं, चाप मारले. माझा होकार मीच शिवून बंद केला, दुसऱ्याच्या अंगाखाली.

तरी बघा, खोड जात नाही. एवढं ऐकूनही मी विचारलं, "मग निळी पेन्सिल कुणाची?"

नोरीन उठली. "ते विल्फला विचार. माझ्याकडून ऐकलंस तर अजून बत्तीस वर्षं संशय घेत बसशील."

शनिवारी सकाळी मी रॅडफर्डला त्याच्या घरी गेलो. घंटा वाजवली, दार बडवलं. बहिऱ्याच्या दाराची घंटा वाजवणारा मी! शेवटी मागच्या गल्लीतून आत शिरलो. विल्फ अंगणात स्टुलावर बसला होता, शेजारी लाल पेटी, कुलूप न उघडलेली. भिंतीपलीकडे शेजारच्या क्लेटनबाई कपडे वाळत घालत होत्या.

"विल्फ, हेझलला मी सांगितलं," मी म्हणालो.

"काय?" तो म्हणाला.

"मी सांगितलं! हेझलला!"

"हेझल आलीय?"

"नाही रे बाबा! तुझ्या कानांचं! हेझलला! मी! मीच चुगली केली!"

पलीकडच्या घराची खिडकी उघडली. विल्फ माझ्या तोंडाकडे निरखून बघत होता, पण माझी मिशी मध्ये येत होती. शेवटी क्लेटनबाईंनी तोंडातले चिमटे काढले, भिंतीशी आल्या आणि ओठ नीट हलवत म्हणाल्या, "विल्फ, हा गृहस्थ म्हणतोय की तुमची नोकरी यानं घालवली. चुगली करून."

"ते होय," विल्फ म्हणाला. "ते माहीत आहे मला. शेडमध्ये माझ्या तोंडाकडे एवढं टक लावून दुसरं कोण बघतं? मॉरिसच."

मी खाली उकिडवा बसलो आणि खिशातल्या पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं, 'निळी मेणपेन्सिल कुणाची होती?' त्यानं वाचलं. आधी काही कळलं नाही. मग त्याला आठवलं आणि तो खो खो हसला, अगदी त्या दिवशी हसला होता तसाच.

"माझीच! नोरीननं बोलावून घेतलं होतं, त्यांच्या खात्याच्या दाराशी. म्हणाली, खडू पुसला जातो, आणि आमचा मॉरिस असला मुलखाचा आंधळा, त्याला ठळक काहीतरी हवं. मी म्हटलं, ही घे, हिनं इंजिनावर लिहिलेलं पेट्रोलनंही जात नाही. तर तिनं मारलंन् मला दंडावर." हसता हसता तो थांबला. "परत नाही दिली हं तिनं ती पेन्सिल."

'आमचा मॉरिस' म्हणाली होती ती. लग्नाच्या आधी, त्या शुक्रवारी. आणि मी लांबून बघून जळत होतो. मी विल्फच्या हातावर हात ठेवला. काय बोलायचं ते ओरडून बोलण्यासारखं नव्हतं, क्लेटनबाई अजून भिंतीशीच होत्या.

सोमवारी मी हेझलला उरलेलं अर्धं सांगितलं. दांडी, दात, वॉशर, सगळं.

"म्हणजे त्यांना काम करता येत होतं. फक्त रस्त्यावर गाडी दुसऱ्या कुणी न्यायची, एवढंच. आणि हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"जळत होतो त्याच्यावर," मी म्हणालो.

"ठीक आहे, मिस्टर टॅडमन. तुम्ही जा तुमच्या कामाला."

त्या दिवसापासून मी तिचा काका नाही.

ती स्वतः रॅडफर्डला गेली आणि विल्फला घेऊन आली. हिरव्या फेल्टनच्या इंजिनावर त्यानं दोन दिवस काम केलं. शेवटी दांडी दातांत धरली, डोळे मिटले, एका स्क्रूला केसभर पीळ दिला. आवाज असा लागला की मलासुद्धा काम सोडून उभं राहावं लागलं. हेझल म्हणाली, "सोमवारपासून या ना, विल्फकाका. पूर्वीसारखं." तिनं ते हळूहळू, ओठ मोठे करून सांगितलं.

"नको पोरी," विल्फ म्हणाला. "आता तुम्ही सगळे माझ्याशी असंच बोलणार. तुम्हाला माहीत नव्हतं तोवर मी बहिरा नव्हतो."

त्यानं दांडी झाडूला परत लावली, पेटी उचलली आणि गेला. पुन्हा आला नाही. जूनच्या त्या रविवारी मास्तरांनी बायकोला गाडीत बसवलं. त्या बाई सीटवर हात फिरवत मला म्हणाल्या, "किती सुंदर काम केलंय हो!" आयुष्यभर हे वाक्य ऐकायला टपलो होतो मी. ते ऐकायला शेजारी विल्फ नव्हता, आणि मला त्यात काही गोडी लागली नाही.

आता तो तुकडा. विल्फची नोकरी गेली त्या शुक्रवारीच मी नोरीनला म्हटलं होतं, "दे, मी जपून ठेवतो. माझाच आहे ना."

तिनं तो शिवणाच्या पेटीत टाकला, बटणांच्या खाली. "तुझा कसा? तुला मिळालाच नव्हता. न पोचलेलं पत्र लिहिणाऱ्याकडे परत जातं."

रविवारी विल्फ आता आमच्याकडे जेवायला येतो. खरपूस बटाटा त्यालाच मिळतो. मला अजूनही पोटात थोडं दुखतं, खोटं कशाला बोलू?

आणि शेडमध्ये कव्हरं येतात ती नोरीननं शिवलेलीच. गठ्ठ्यात, उलटी, तोंड माझ्याकडे. पूर्वी मी ती न बघता चढवायचो. आता एकेक खिडकीशी नेतो, उजेडात धरतो, कडेपासून कडेपर्यंत बघतो आणि मगच उलटवतो. चार महिने झाले. अजून सगळी कोरीच निघतायत.